कॅमेरा जुना, फ्रेम रुंद: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सोळा एमएम कॅमेऱ्यांवर लिहिलं होतं, त्यात शेवटी सहज एक ओळ टाकली की जुन्या कॅमेऱ्याची चौकोनी फ्रेम रुंद करता येते, आणि झालं, सगळे प्रश्न त्या एका ओळीवरच आले. लेन्स कुठली, फिल्म कुठली, प्रोसेसिंग कसं, हे कोणी विचारलंच नाही, सगळ्यांना कानस हातात घ्यायची घाई. तर या वेळी तेवढंच घेऊ. सारखे प्रश्न एकत्र केलेत, कोणाचा राहिला असेल तर रागवू नका.

प्रश्न: दादा, माझ्याकडे क्रास्नोगोर्स्क-३ आहे, एकदम चालू. सगळे म्हणतात याचं सुपर १६ करून टाक, गेट थोडं घासायचं फक्त, तासाभराचं काम. खरंच एवढं सोपं आहे का?

गेट म्हणजे फिल्मच्या पुढ्यातली धातूची चौकट, तिच्यातून उजेड फिल्मवर पडतो आणि तेवढीच फ्रेम टिपली जाते. ते घासणं तासाभराचंच काम आहे, ते खरंय. त्यानंतर जे निस्तरावं लागतं ते कोणी सांगत नाही.

आधी काय करतोय ते बघू. साध्या १६ ची फ्रेम १०.२६ बाय ७.४९ मिमी, म्हणजे १.३७ ला १. सुपर १६ ची १२.५२ बाय ७.४१, म्हणजे साधारण १.६९. उंची जवळपास तीच राहिली, रुंदी सव्वादोन मिलिमीटरने वाढली, आणि ती अख्खी एकाच बाजूला वाढली, पर्फ (फिल्मच्या कडेची भोकं) नसलेल्या बाजूला. ही जागा प्रिंटवर साउंडट्रॅकची, पण शूटिंगच्या निगेटिव्हवर साउंडट्रॅक नसतोच ना, मग ती रिकामी का ठेवायची? १९६९ मध्ये रूने एरिकसन नावाच्या स्वीडिश कॅमेरामनने हाच विचार केला आणि एक्लेर एनपीआर कॅमेऱ्याचं गेट रुंद करून घेतलं, कारण १६ वर शूट करून थिएटरसाठी ३५ एमएमच्या मोठ्या फिल्मवर ब्लो-अप करायचं तर चौकोनी फ्रेम वरखाली कापावी लागायची आणि तेवढी फिल्म वाया जायची. सुपर १६ हा पहिल्यापासून शूटिंगपुरताच फॉरमॅट, त्याच प्रिंटवर आवाज बसणार नाही, जागाच संपली.

आता घासायचं कसं. गेट कॅमेऱ्यातून बाहेर काढूनच. कॅमेऱ्यात ठेवून घासणारे महाभाग आहेत, धातूचा चुरा आत क्लॉच्या, म्हणजे भोकांत अडकून फिल्म खाली ओढणाऱ्या नखाच्या, यंत्रणेत गेला की तो कॅमेरा गेला समजा. कुठली बाजू वाढवायची याचा लोक हमखास घोळ घालतात, कारण गेटवर चित्र उलटं पडतं, वरचं खाली आणि डावं उजवीकडे, त्यामुळे डावं-उजवं हे शब्दच विसर, क्लॉ ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजू, बास. सुईने बारीक रेघ मारून घे आणि रेघेच्या आतच थांब, शेवटचा दशांश मिमी पॉलिश पेपरसाठी ठेव. कानस अशी मारायची की निघणारी धारदार कूस फिल्मच्या बाजूला न येता लेन्सच्या बाजूला येईल, आणि फिल्म ज्या पट्ट्यांवरून घसरते त्या पट्ट्यांना चुकूनही हात लावायचा नाही, कारण फिल्म लेन्सपासून किती अंतरावर बसते ते त्याच ठरवतात आणि तिथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात हिशोब चालतो. नवीन कड चकाकत राहिली तर उजेड परावर्तित होऊन फ्रेमच्या कडेला धुरकट पट्टा येतो, म्हणून कड लेन्सच्या बाजूने थोडी तिरकी करून काळी करायची.

गेट झालं. आता रोलर. फिल्म कॅमेऱ्यात ज्या ज्या ठिकाणी टेकते तिथे ती फक्त कडांवर टेकावी अशी रचना असते, पण ही रचना करणाऱ्यांनी साउंडट्रॅकची बाजू चित्राची नाही असं धरूनच केलेली, तिथे टेकलं तर काय बिघडतं? आता तिथे चित्र आहे. म्हणून गेट घासलं आणि रोलर तसेच ठेवले की अख्ख्या रोलवर रुंद केलेल्या बाजूला एक उभा ओरखडा मिळतो, पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत, सरळ, जणू पट्टी ठेवून काढलाय. रोलरचा तेवढा भाग लेथवर उतरवून घ्यावा लागतो, फिल्म गेटवर दाबून धरणारी प्रेशर प्लेटही बघावी लागते. के-३ मध्ये, म्हणजे तुझ्या क्रास्नोगोर्स्क-३ मध्ये, आपोआप लूप (फिल्मचा ढिला वळसा) करणाऱ्या ज्या दोन वाकड्या पट्ट्या आहेत त्या तर अनेक जण काढूनच टाकतात, त्या साध्या १६ मध्येसुद्धा फिल्म ओरबाडतात, मग हाताने लूप करायचा, सवयीने जमतं.

तपासायचं असं की टाकाऊ फिल्मचा तुकडा घाल, गेटसमोर आला की मार्करने फुली मार, दहा-पंधरा फूट पळव, बाहेर काढ आणि अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी तिरपा धरून इमल्शनची, म्हणजे चित्र उमटतं ती, बाजू बघ. समोरून उजेड टाकलास तर काही दिसणार नाही, तिरप्या उजेडात केसाएवढा ओरखडाही उठून दिसतो. ओरखडा सापडला की फुलीपासून मोज. फुलीच्या आधीच्या फिल्मवर, जी गेटमधून कधीच पुढे गेलेली आहे, तिथेही आहे का, की फुली मारली तेव्हा गेटपर्यंत पोचलीच नव्हती अशा, फुलीनंतरच्या फिल्मवरच आहे, यावरून अपराधी गेटच्या वर बसलाय की खाली ते कळतं.

शटरचं कोणाच्या लक्षातच येत नाही. फिल्म खाली ओढली जात असताना शटरने पूर्ण गेट झाकलेलं पाहिजे, आणि शटर बनवलंय जुन्या रुंदीसाठी. नवीन दोन मिलिमीटर नीट झाकले गेले नाहीत तर त्या बाजूच्या उजळ गोष्टींना उभ्या शेपट्या फुटतात. रात्री दूरवरचे दिवे शूट कर, काळ्या पार्श्वभूमीवर. डाव्या बाजूचे दिवे ठिपके आणि उजव्या बाजूचे दिवे रेघोट्या, असं आलं तर शटर पुरत नाहीये.

आणि लेन्सचा मध्य. फ्रेम एका बाजूला सव्वादोन मिमी वाढली म्हणजे तिचा मध्य १.१३ मिमी सरकला, लेन्स मात्र जुन्या मध्यावरच आहे. शास्त्रशुद्ध काम म्हणजे माउंटच, म्हणजे लेन्स बसवायची कडी, तेवढं सरकवायचं. के-३ वर बरेच जण ते करत नाहीत आणि एम४२ माउंटची स्टिल कॅमेऱ्याची लेन्स लावत असशील तर चालूनही जातं, त्या लेन्स २४ बाय ३६ मिमीच्या फ्रेमसाठी बनलेल्या, त्यांना तुझी फ्रेम मधोमध आहे का कडेला हे जाणवतही नाही. पण सोबत आलेली मेटिओर १७-६९ झूम वाइडला कोपरे काळे करते. गणित सोपं आहे, लेन्स फिल्मवर चित्राचं गोल वर्तुळ टाकते, मध्य सरकवलेल्या सुपर १६ ला साडेचौदा मिमीचं वर्तुळ पुरतं, न सरकवलेल्याला साडेसोळा लागतं, आणि साध्या १६ साठीच्या लेन्सला पावणेतेराच्या आसपास झाकता आलं की तिचं काम झालेलं असतं. शिवाय मध्य सरकवला नसेल तर झूम करताना फ्रेमच्या मधली गोष्ट हळूहळू एका बाजूला सरकत जाते, फार विचित्र दिसतं, तेव्हा शॉट चालू असताना झूमला हात लावायचा नाही.

व्ह्यूफाइंडर जुनीच फ्रेम दाखवणार, वाढलेला भाग अंदाजाने. माइकचा बूम, कोणाचं कोपर, स्टँडचा पाय, सगळं तिथेच येऊन बसतं.

एवढं सगळं वाचूनही करावंसं वाटतंय? मग कर, के-३ त्यासाठी बरा कॅमेरा आहे, भरपूर बनलेत, बिघडला तर हळहळ वाटेल पण पाप लागणार नाही.

प्रश्न: जुन्या डबल पर्फ फिल्मचे काही डबे मिळालेत. सुपर १६ केलेल्या कॅमेऱ्यात चालतील ना?

चालतील, पण दुसऱ्या बाजूच्या भोकांची रांग चित्रात दिसेल. सुपर १६ ला सिंगल पर्फच लागते. आणि उलटंही लक्षात ठेवा, काही फार जुन्या १६ एमएम कॅमेऱ्यांत स्प्रॉकेटला, म्हणजे फिल्म ओढणाऱ्या दातेरी चाकाला, दोन्ही बाजूंना दात असतात, त्यांना डबल पर्फच लागते, असल्या कॅमेऱ्याचं सुपर १६ करायचा विचारच सोडा. स्प्रॉकेट उघडून दात बघायला दोन मिनिटं लागतात, ती आधी घालवा.

प्रश्न: मी फिल्मची विद्यार्थिनी आहे. सर म्हणतात कन्व्हर्जन वगैरे काही करू नकोस, साध्या १६ वर शूट कर आणि नंतर वरखाली क्रॉप कर. मग लोक एवढा खटाटोप का करतात?

तुझे सर बरोबर आहेत, निदान पहिल्या दोन-तीन फिल्म्सपुरते तरी. पण खटाटोप का करतात ते आकड्यात बघ. साधी १६ १.८५ ला कापलीस तर १०.२६ बाय साधारण साडेपाच मिमी उरतं. सुपर १६ कापून १.८५ केलीस तर १२.५२ बाय पावणेसात. क्षेत्रफळ काढ, जवळपास दीडपट येतं. म्हणजे पडद्यावर तेवढंच मोठं दाखवायला सुपर १६ ला कमी ताणावं लागतं, ग्रेन, म्हणजे फिल्मचे दाणे, बारीक दिसतो, कडा नीट राहतात. मोठ्या पडद्यावर हा फरक डोळ्याला दिसतो. फोनवर बघणार असतील तर नाही दिसत, उलट जाड ग्रेनच अनेकांना आवडतो, त्यासाठीच तर फिल्म वापरतात हल्ली.

क्रॉप करायचं ठरलं तर ते आधीपासून ठरव, नंतर नाही. ग्राउंड ग्लासवर (फाइंडरमधली चित्र दिसणारी घासलेली काच) किंवा व्ह्यूफाइंडरमध्ये वरखाली रेघा आखून घे, नाहीतर डोक्यावर हवी तेवढी जागा सोडून शूट करशील आणि कापताना हनुवट्या जातील. आणि थोडी जागा ढिली ठेव, क्रॉपचा एक फायदा असा की एडिटमध्ये फ्रेम वर किंवा खाली सरकवता येते, कन्व्हर्ट केलेल्या कॅमेऱ्यात ही चैन फारशी उरत नाही.

प्रश्न: आरी १६एस आहे, वडिलांचा. अल्ट्रा १६ करावं म्हणतोय, सुपर १६ पेक्षा सोपं असतं असं ऐकलं. तुमचं मत?

ऐकलंय ते बरोबर आहे आणि १६एस साठी तर मी अल्ट्राच म्हणेन. तीन लेन्सची फिरती तबकडी, म्हणजे टरेट, तशीच ठेवून मध्य सरकवणं म्हणजे नसती डोकेदुखी.

अल्ट्रा १६ ची गंमत समजून घ्या, मला ही आयडिया सुपर १६ पेक्षाही जास्त आवडते, कारण यात कोणाचं काही हिरावून घेतलेलं नाही. १६ एमएममध्ये भोकं फ्रेमच्या मध्यावर नसतात, दोन फ्रेममधल्या रेघेवर असतात. एका भोकापासून पुढच्या भोकापर्यंत सुमारे ७.६ मिमी, भोकाची स्वतःची उंची १.२७, म्हणजे दोन भोकांमध्ये सव्वासहा मिमीहून थोडी जास्त फिल्म नुसती पडून असते. मग काय केलं, गेट दोन्ही बाजूंना साधारण ०.७ मिमी वाढवलं, तेवढ्या उंचीपुरतंच. फ्रेम झाली ११.६६ बाय ६.१५ च्या आसपास, गुणोत्तर १.९ च्या जवळ. दोन्ही बाजूंना सारखं वाढलं म्हणून मध्य हलला नाही, माउंट सरकवायला नको, जुन्या लेन्सही बऱ्याचशा पुरतात, आणि डबल पर्फ फिल्मही चालते. क्रॉप केलेल्या साध्या १६ पेक्षा सुमारे सव्वापट जागा मिळते, सुपर १६ एवढी नाही.

तोटे आहेतच. क्लॉच्या बाजूचं वाढवताना क्लॉची खाच अगदी जवळ येते, तिथे हात घसरला तर गेट बाद. म्हणून हे घरी कानसने नकोच, ज्याच्याकडे बारीक मिलिंग मशीन आहे आणि ज्याने आधी गेट केलेत त्याच्याकडूनच करून घ्या. आणि दुसरं, हे मी सगळ्यांनाच सांगतो, स्कॅनिंगवाल्याला आधी फोन करा. काही स्कॅनरच्या १६ च्या गेटवर मास्क असतो तो साध्या १६ किंवा सुपर १६ चा, अल्ट्राच्या दोन्ही बाजूच्या पट्ट्या त्याच्यामागे झाकल्या जातात, कॅमेऱ्याने टिपलेलं स्कॅनमध्ये येतच नाही. भोकांपर्यंत पूर्ण रुंदी स्कॅन करून द्याल का एवढंच विचारायचं. हो म्हणाले तरच कॅमेरा उघडा.

वडिलांचा कॅमेरा आहे म्हणालात म्हणून एक जास्तीचं, मूळ गेट काढून जपून ठेवा आणि कापायला दुसरं सुटं गेट मिळतंय का बघा. मिळालं तर उद्या मन बदललं तरी परतीचा रस्ता उघडा. मात्र दुसरं गेट बसवल्यावर फोकस पुन्हा तपासून घ्यायचा, दोन गेट कधीच तंतोतंत सारखे नसतात.

प्रश्न: भंगारात प्रोजेक्टरची सिनेमास्कोप लेन्स मिळाली, चांगली जड आहे, काच स्वच्छ. बोलेक्स एच१६ च्या पुढे लावली तर स्कोप मिळेल का? आणि आधी कॅमेरा सुपर १६ करून घेऊ का?

पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं अजिबात नाही.

ही लेन्स चित्र आडवं दुप्पट दाबते, अशा लेन्सला अॅनामॉर्फिक म्हणतात. प्रोजेक्टरवर हेच उलटं व्हायचं, दाबलेलं चित्र ती उलगडायची. १.३७ ची फ्रेम दुप्पट उलगडली की २.७४ होते, कडा थोड्या कापून २.३९ करता येते, हाच तो स्कोप. इथवर छान. आता सुपर १६ ची १.६९ दुप्पट करा, ३.३८. एवढी लांब पट्टी घेऊन काय करणार, दोन्ही बाजूंनी कापणार, म्हणजे घासून मिळवलेलं सगळं पुन्हा फेकून देणार. दुप्पटवाल्या लेन्सला चौकोनी फ्रेमच आवडते. जुने कॅमेरे तिच्यासाठी जन्मतःच तयार आहेत, त्यांना काही करू नका.

तुमच्याकडे दुप्पट नव्हे, १.३३ पट दाबणारी लेन्स असती तर मी आणखी खूश झालो असतो, कारण १.३७ ला १.३३ ने गुणलं की १.८२, सरळ वाइडस्क्रीन, पूर्ण निगेटिव्ह वापरून, धातूला कानस न लावता. १.५ वालीही चालते, ती २.०५ देते, म्योलर कंपनीची अशी लेन्स बोलेक्सच्या नावाने विकली जायचीच.

आता त्रास. एक, फोकस दोन ठिकाणी. कॅमेऱ्याच्या लेन्सवरही आणि पुढच्या लेन्सवरही तेच अंतर लावायचं, चालत येणाऱ्या माणसावर फोकस ठेवायचा तर दोन हात दोन रिंगांवर आणि कॅमेरा तिसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर. म्हणून लोक स्थिर शॉट घेतात. दोन, वाइड लेन्स विसरा, पुढचं नळकांडं फ्रेममध्ये दिसायला लागतं. २५ मिमीपासून सुरू करा, नाही जमलं तर ५०. तीन, जवळचं फोकस होत नाही, क्लोजअपसाठी पुढे डायऑप्टर (जवळच्या फोकससाठी जास्तीचं भिंग) लावावा लागतो.

आणि सरळ बसवणं. ही लेन्स गोल आहे पण तिचं काम गोल नाही, ती दोन अंश जरी फिरली तरी उलगडलेल्या चित्रात भिंती एकीकडे आणि माणसं दुसरीकडे कलतात आणि हे एडिटमध्ये सरळ होत नाही. अंधारात समोर लांब एक छोटा टॉर्च ठेवा, कॅमेरा लेव्हलवर, आणि फाइंडरमधून बघत पुढची लेन्स फिरवा. दिव्यातून एक आडवी रेघ फुटलेली दिसेल. ती रेघ फ्रेमच्या खालच्या कडेला समांतर झाली की तिथे स्क्रू आवळा आणि दोन्ही नळकांड्यांवर एक सरळ खूण करून ठेवा. मग फाइंडरवर विश्वास न ठेवता थोडी फिल्म शूट करून बघा, कारण बोलेक्सच्या फाइंडरमधलं चित्र इतकं लहान असतं की एखादा अंश सुटतोच.

फाइंडरमध्ये सगळे लोक बांबूसारखे उंच दिसतील, त्याची सवय होते. वजनासाठी खाली आधाराच्या दांड्या मात्र नक्की लावा, सी-माउंटच्या त्या चिमुकल्या आट्यांवर एवढं धूड टांगू नका.

प्रश्न: ३५ एमएमचा कोनवास आहे. टू-पर्फ करून घेतला तर फिल्म अर्धी लागते म्हणतात. खरं का?

खरं. नेहमीच्या ३५ मध्ये एका फ्रेमला चार भोकं, १००० फूट फिल्म सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने अकरा मिनिटांत संपते. दोन भोकांची फ्रेम केली की तीच बावीस मिनिटं चालते. फ्रेम २२ मिमी रुंद आणि साडेनऊहून जराशी कमी उंच, म्हणजे साध्या गोल लेन्सने सरळ स्कोप, अॅनामॉर्फिकची कटकट नाही. हे नवीन नाही, १९६० मध्ये टेक्निकलरच्या इटलीतल्या शाखेने टेक्निस्कोप नावाने आणलं आणि तिकडच्या कमी खर्चाच्या वेस्टर्न सिनेमांनी ते उचलून धरलं, कारण फिल्मचा खर्च अर्धा.

पण तुमच्या प्रश्नात "करून घेतला तर" हे फार सहज आलंय. सुपर १६ मध्ये आपण खिडकी मोठी करतो, इथे यंत्राची चालच बदलायची आहे. क्लॉ एका झेपेत १९ मिमी ओढायचा तो आता साडेनऊ ओढणार, म्हणजे क्लॉ हलवणारा कॅम नवा. स्प्रॉकेट अर्ध्या वेगाने फिरायला हवा, म्हणजे गिअर नवे. मॅगझिनची (फिल्मच्या डब्याची) गुंडाळी त्या वेगाशी जुळली पाहिजे. फुटेज काउंटरही खोटं बोलायला लागतो. हे कानसचं काम नाही, हे अशा माणसाचं काम आहे ज्याने तोच मॉडेल आधी केलाय आणि ज्याच्याकडे त्याचे भाग तयार आहेत. तसा माणूस असेल तर जरूर करा, माझ्या मते ३५ एमएमवाल्यांसाठी याच्याइतका फायद्याचा बदल दुसरा नाही.

करून घेतलंत की दोन गोष्टी सांभाळा. दोन फ्रेमच्या मध्ये जवळजवळ जागाच उरत नाही, त्यामुळे गेटमध्ये अडकलेला केस नेहमीच्या ३५ मध्ये फ्रेमबाहेर लपला असता तो इथे थेट चित्रात येतो. दर शॉटनंतर गेट उघडून बघायचं, आळस नाही. आणि उजेडाकडे तोंड करून शूट केलं की एका फ्रेममधला झगमगाट शेजारच्या फ्रेममध्ये सांडतो, वर किंवा खाली कडेला लाल-पिवळी झाक दिसते. काहींना ती आवडते.

प्रश्न: सुपर ८ चं पण रुंद करता येतं का?

येतं, तीच युक्ती, साउंडट्रॅकच्या बाजूला गेट वाढवायचं. मूळ फ्रेम ५.७९ बाय ४.०१ मिमी, तिथे अर्धा मिमी मिळतो. एवढ्यासाठी चालू कॅमेरा उघडू नका असं माझं मत. बहुतेक कॅमेऱ्यांत झूम लेन्स आतच बसवलेली असते, ती बदलता येत नाही आणि वाइडला तिचे कोपरे काळे व्हायला फार वेळ लागत नाही. कमी जागेत रुंद चित्र हवंच असेल तर डबल ८ वापरणाऱ्यांची करामत बघा, ती फिल्म मुळात १६ मिमी रुंद असते आणि एरवी मधून चिरून दोन पट्ट्या करतात. न चिरता, गेट पूर्ण रुंदीचं करून शूट केलं की साडेदहा मिमी रुंद आणि पावणेचार मिमी उंच अशी फ्रेम मिळते, २.८ ला १! याला अल्ट्रापॅन ८ म्हणतात. दिसायला अफाट. दाखवायला प्रोजेक्टर नाही, फक्त स्कॅन.

प्रश्न: मी स्टिलवाला आहे. १२० च्या (रुंद रोल फिल्मच्या) कॅमेऱ्यात ३५ चा रोल घालून पॅनोरमा काढतात म्हणे. माझ्याकडे ६x६ चा ट्विन लेन्स आहे.

निघतो की. २४ बाय ५६ मिमीची फ्रेम मिळते, भोकांसकट हवी असेल तर ३५ बाय ५६. दोन टोकांना अडॅप्टर लावून ३५ चा डबा मधोमध बसवायचा. पण ट्विन लेन्समध्ये फिल्म उभी सरकते हो, म्हणजे तुमचा पॅनोरमा उभा येणार. आडवा हवा तर कॅमेरा कुशीवर वळवायचा आणि वरून खाली बघायच्या फाइंडरमध्ये बाजूने डोकावायचं, तेही आधीच आरशामुळे डावं-उजवं उलटलेलं असताना. झाडं, मिनार, जिने काढा, मजा येईल. आडव्यासाठी ६x९ चा घडीचा कॅमेरा बघा, त्यात फिल्म आडवी जाते आणि २४ बाय ८४ ची पट्टी मिळते.

मागची लाल खिडकी काळ्या टेपने बंद करा, १२० ला मागे कागद असतो, ३५ ला नसतो, उजेड थेट फिल्मवर. खिडकी बंद म्हणजे आकडे दिसणार नाहीत, मग एक जुना रोल वाया घालवून किती वळसे दिले की एक फ्रेम सरकते ते मोजून लिहून ठेवा, आणि स्पूल जाड होत जातो तसे वळसे कमी लागतात हेही त्यातच कळेल. फिल्म परत डब्यात गुंडाळली जात नाही, म्हणून कॅमेरा अंधारातच किंवा चेंजिंग बॅगमध्येच उघडायचा. ३५ ची पट्टी रुंद गेटवर कडांना आधाराशिवाय लोंबते, फोकस हलतो, अॅपर्चर f/8 किंवा f/11 पेक्षा जास्त उघडू नका.

एक मात्र सांगतो, नव्वदच्या दशकातल्या साध्या कॅमेऱ्यांवर "पॅनोरमा" असं बटण असायचं त्याला भुलू नका. ते फक्त वरखाली झाकतं, २४ बाय ३६ मधली १३ बाय ३६ उरते. ते तर तुम्ही घरी कात्रीनेही करू शकता.

प्रश्न: स्वतः काही करायचं नाही, आधीच सुपर १६ केलेला कॅमेरा घ्यायचाय. काय बघून घेऊ?

शहाणा प्रश्न. विकणारा "सुपर १६ केलंय" म्हणतो तेव्हा नेमकं काय काय केलंय ते विचारा. फक्त गेट, की मध्य पण सरकवलाय, रोलर उतरवलेत, ग्राउंड ग्लास नवा आखलाय? "फक्त गेट" म्हणाला तर किमतीतही तेवढंच धरा. शक्य असेल तर आटॉनसारखा कॅमेरा बघा, त्याच्या रचनेतच सुपर १६ चा विचार होता, म्हणून तिथे बदल सुबक होतो.

कॅमेरा हातात आला की लेन्स काढा, शटर हाताने फिरवून उघडा आणि भिंगाने गेटची रुंद केलेली कड बघा, सरळ आहे का, काळी केलीय का, कुठे दातेरी राहिलीय का. मग मागून, फिल्मच्या बाजूने, त्याच कडेवरून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तर तिथे कूस आहे, ती फिल्म खाणार. झूम लेन्स सोबत असेल तर फाइंडरमध्ये मधोमध एखादा ठिपका धरून टोकापासून टोकापर्यंत झूम करा, ठिपका सरकला तर मध्य सरकवलेला नाही, मग विकणारा काहीही म्हणो. आणि त्याच कॅमेऱ्यावर कन्व्हर्जननंतर शूट केलेल्या फिल्मचा तुकडा मागा. स्कॅन नको, फिल्मच. स्कॅनमध्ये ओरखडे पुसता येतात.